माय वं! पोट्टं स्कर्ट घालून पाण्यात उलटं झालं

मागच्या भिशीत साबुदाणा वडे गरम असतानाच बातमी फुटली. "तुमच्या नणंदेचं पोट्टं म्हणे स्कर्ट घालून समुद्रात जाते?" समोरच्या काकूंनी विचारलं, आणि बारा बशांवरचे बारा हात जागीच थांबले. एकीला ठसका लागला. दुसरीनं "माय वं माय!" म्हणत पदर तोंडाला लावला, पदराआड ती हसत होती, ते मला स्पष्ट दिसलं.

"स्कर्ट नाही वं, स्प्रे स्कर्ट," मी घाईनं म्हटलं. म्हणजे आगीत रॉकेलच ओतलं.

"म्हंजे वरून अत्तरही मारते?"

आता लपवण्यात अर्थ उरला नाही. अमरावतीत अंबापेठेतून निघालेली गोष्ट राजापेठेत पोचेस्तोवर तिला शिंगं फुटतात, आणि बडनेऱ्याहून गाडीत बसून अकोल्याला उतरते तेव्हा तिला शेपूटही आलेलं असतं. त्यापेक्षा मीच रीतसर सांगून टाकते.

आमचा हा भाचा अकोल्याच्या जठारपेठेतला. शिकला, पुण्याला गेला, संगणकाच्या कंपनीत लागला. पगार बरा, उंची बरी, पोरगा निर्व्यसनी, असं आम्ही तीन स्थळांना छातीठोक सांगून बसलो होतो. आणि त्याला लागलं कयाकचं वेड. दारूचं असतं तर चार लोकांत सांगता आलं असतं. लोक हळहळतात, सल्ला देतात, कुणाला तरी एखादे महाराज ठाऊक असतात. कयाकवर उतारा कुणापाशी मागायचा?

पहिला सुगावा लागला तो दिवाळीत. साहेब कोकणातून थेट रात्रीच्या गाडीनं आले. दारातच सासूबाईंच्या पायाशी वाकले, आणि साहेबांच्या नाकातून पाण्याची धार लागली ती थेट आजीच्या पावलांवर. सर्दी नव्हे, चक्क पाणी! आजी म्हणाल्या, "अरे, पाय धुवायची पद्धत बदलली का पुण्यात?" तेव्हा त्यानं कबूल केलं. आदल्या दिवशी तो समुद्रात एकोणीस वेळा मुद्दाम उलटा झाला होता, आणि नाकाच्या मागच्या पोकळ्यांत शिरलेलं खारं पाणी दुसऱ्या दिवशी वाकलं की असं उतरतं. "मुद्दाम?" ताईंनी, म्हणजे त्याच्या आईनं, विचारलं. "हो, आई. उलटं झाल्याशिवाय सरळ व्हायचं शिकता येत नाही." ताई देवघरात जाऊन बसल्या.

मग मे महिन्यात तो होडीसकट आला. गाडीच्या टपावर सोळा-सतरा फूट लांबीची, जेमतेम दोन फूट रुंदीची, दोन्ही टोकांना निमुळती, केशरी रंगाची वस्तू बांधलेली. समृद्धी महामार्गावर पेट्रोल भरताना एकानं विचारलं, हे मिसाइल आहे का. वाटेत चहाच्या टपरीवर एका कास्तकारानं होडीला दोन प्रदक्षिणा घातल्या, बोटानं ठोकून पाहिलं आणि म्हणाला, "फवारणीचं दिसते. महाडीबीटीवर सबसिडी भेटते का यावर?" अकोल्यात गल्ली गोळा झाली, आणि अख्ख्या गल्लीचा एकच प्रश्न: केवढ्याला पडली? तीच होडी दुसऱ्या दिवशी अमरावतीत आमच्या दारी आली, तेव्हा इथला प्रश्न होता: लग्न ठरलं का? दोन शहरांतला फरक पाहायचा तर ग्रंथालयात जाऊ नका, दारात एक होडी उभी करा.

आता मूळ प्रश्न. वऱ्हाड आणि समुद्र यांचा संबंध काय? अकोल्याहून मुंबई रेल्वेनं एका रात्रीची. आमच्याकडे "लाट" हा शब्द दोनच जागी वापरतात, मे महिन्यात हवामान खात्यात आणि निवडणुकीत. पहिल्या लाटेत अकोल्याचा पारा ४७ अंशांवर जातो, दुसरीत आणखी वर. समुद्राशी आमचं नातं पहिल्यापासून बिघडलेलंच आहे. लोपामुद्रा ही विदर्भाची राजकन्या. तिचा नवरा अगस्ती, म्हणजे आमचे जावई. त्यांनी समुद्र काय केला? पिऊन टाकला. जावयाला एवढी तहान लागेपर्यंत सासुरवाडीनं पाणी विचारलं नव्हतं का, हा प्रश्न मी लहानपणापासून विचारत आले आहे. दुसरी आमची रुक्मिणी. अंबादेवीच्या देवळातून कृष्णानं तिला रथात घातली आणि नेली कुठे, तर द्वारकेला, ऐन समुद्रकाठी. अमरावतीहून किनाऱ्यावर पळालेली ती पहिली मुलगी. तिच्याबद्दल मात्र कुणी भिशीत कुजबुजत नाही, तिची आपण आरती करतो.

आणि खारं पाणी म्हणाल तर आमच्याइतकं कुणाकडे आहे? पूर्णेचं खोरं, अमरावती-अकोला-बुलढाण्यातली नऊशेच्या आसपास गावं, तो सगळा खारपाणपट्टा. हापसा हापसला की जमिनीतून खारट पाणी येतं. डाळ शिजत नाही, चहा फाटतो. त्या पट्ट्यातल्या आमच्या एका तालुक्याच्या गावाचं नावच दर्यापूर! नावात दर्या, जमिनीत मीठ, समुद्राचा पत्ता नाही. देवानं सामान सगळं पाठवलं, मांडायला कारागीर तेवढा आला नाही. मोर्शीजवळच्या अप्पर वर्धा धरणाच्या पाण्याला आपण नल-दमयंती सागर म्हणतो, म्हणजे सागरही आहे. भाचा तर पुढे जाऊन सांगतो की, "मामी, अमरावती जिल्ह्यात पडलेला पाऊस दोन समुद्रांना जातो. पूर्णेतला तापीतून सुरतेकडे, अरबी समुद्रात. वर्धेतला गोदावरीतून बंगालच्या उपसागरात." चुकीचं बोलत नाही तो. पाण्याला समुद्रावर जायला आपण कधी अडवलं नाही, पोरानं जायचं म्हटलं की ताई देवघरात.

अकोल्यात सराव करायचा म्हटला तर मोर्णा आहे. पण मोर्णेत जलकुंभी एवढी माजली होती की २०१८च्या जानेवारीत हजारो अकोलेकर नदीत उतरून ती हातांनी ओढून काढत होते, आणि पंतप्रधानांनी "मन की बात"मध्ये त्याचं कौतुक केलं होतं. भाचाही तेव्हा उपसायला होता. पाण्यात कंबरेएवढं उतरण्याचा त्याचा तो पहिलाच प्रसंग, आणि ताई आजही म्हणतात की सगळं तिथूनच बिघडलं. काटेपूर्णा धरण राहिलं. तर शेजारच्या काकांनी आधीच बजावलं, "त्यात अकोल्याचं प्यायचं पाणी आहे हां. नळ येतो ज्या दिवशी येतो, अन् तू त्यात डोकं बुडवून ठेवशील!"

तेव्हा प्रकरण अमरावतीच्या एका पोहण्याच्या टँकवर आलं. कोणता टँक ते सांगत नाही, मला तिथं पुन्हा जायचं आहे. दारावरच्या माणसानं होडीकडे पाहिलं, वहीकडे पाहिलं. "मॅडम, असा नियम नाही."

"नियम नाही म्हणजे मनाई आहे, का नियमच नाही?"

तो विचारात पडला. "नियमच नाही."

"मग धरा त्या टोकाला," मी म्हटलं.

ही कयाक मुळात ग्रीनलंडसारख्या बर्फाळ मुलखातल्या इनुइट शिकाऱ्यांची. लाकडाचा सांगाडा, वर सीलचं कातडं. आपण होडीत बसतो तसं तीत बसता येत नाही, ती पायजम्यासारखी चढवावी लागते. पाय आत लांब, गुडघे दोन्ही कडांना टेकलेले, आणि कंबरेला तो बदनाम स्कर्ट. रबरी कापडाचा घेर असतो तो. वरची कड आपल्या पोटाला घट्ट, खालची कड होडीच्या भोकाच्या कठड्यावर ताणून बसवलेली, म्हणजे लाट अंगावर आली तरी आत पाणी जात नाही. शिकाऱ्यांकडे तर डोक्यावरच्या टोपीपासून होडीच्या कठड्यापर्यंत सलग अंगरखाच असे. होडीचं मापही ज्याच्या त्याच्या अंगावरून घ्यायची रूढ पद्धत: लांबीला त्याच्या तीन वाव, रुंदीला त्याची कंबर अधिक दोन मुठी. हे ऐकून सासूबाईंनी पहिल्यांदा मान वर केली. वाव आणि मूठ ही त्यांच्या ओळखीची मापं. त्यांच्या माहेरी, वरुडला, विहीर अजून परसात मोजतात. एक माणूस हात वर करून उभा राहिला की एक परस.

त्या पाण्यात पोहणं नव्हतंच. पाणी बर्फाचं. होडी उलटली आणि माणूस बाहेर पडला तर तो गेला, म्हणून बाहेर न पडता, होडीसकट, पाण्याखालून गिरकी घेऊन पुन्हा वर यायचं. त्याला म्हणायचं रोल. भिशीत आधी आम्हाला वाटलं अंडा रोल, मग वाटलं नाटकातला. ग्रीनलंडमध्ये आजही त्याच्या स्पर्धा होतात. तिसाहून अधिक तऱ्हांनी उलटं होऊन सरळ व्हायचं, वल्ह्यानं, वल्ह्याशिवाय, हातांची घडी घालून, एका हातात वीट धरून. वीट का, ते भाच्याला विचारलं. म्हणाला, "हातात हारपून असला तरी यायला हवं ना." मला पटलं. हातात भरलेली पिशवी असताना ऑटोत चढायचं कसब ज्याला ठाऊक आहे त्याला लगेच पटेल.

आता तुम्ही म्हणाल, हे त्यांच्या रक्तातलं आहे, आपण कापूस-तूर पिकवणारी माणसं. तर ऐका. इनुइटांबाहेर युरोपात ज्याला हे पहिल्यांदा जमलं त्याचं नाव हान्स पावलाटा. साल १९२७. देश ऑस्ट्रिया, ज्याला समुद्रकिनारा नाही! ग्रीनलंडला जाऊन आलेल्या प्रवाशांची वर्णनं त्यानं वाचली आणि वाइसनझे नावाच्या डोंगरातल्या तळ्यात बुडत-उठत स्वतःच शिकला. गुरू नाही, शिबिर नाही, समुद्र तर नाहीच. पुस्तक वाचून पोहणारा, म्हणजे ज्याला आपण आजवर हसत आलो तो माणूस. त्याच्या पद्धतीला आजही पावलाटा रोल म्हणतात.

आणखी एक ऑस्कर स्पेक. हा जर्मन, बेकार. १९३२ साली घडीची कयाक घेऊन उल्म गावाहून डॅन्यूब नदीत उतरला, सायप्रसच्या तांब्याच्या खाणीत काम मिळतं असं ऐकून. सायप्रसला पोचला आणि मग थांबायचं विसरला. युफ्रेटिस, इराणचं आखात, कराची, आपला अख्खा पश्चिम किनारा, सिलोनला वळसा, तिथून पुढे बर्मा, जावा. सात वर्षांनी, सप्टेंबर १९३९मध्ये, ऑस्ट्रेलियाच्या टोकाशी लागला, तोवर महायुद्ध सुरू झालेलं. शत्रुराष्ट्राचा नागरिक म्हणून त्याला अटक झाली. ही गोष्ट मी ताईंना धीर द्यायला सांगितली होती. त्यांनी त्यातून एवढंच घेतलं, की नोकरी शोधायला निघालेलं पोरगं वल्हं हातात धरलं की सात वर्षं घरी येत नाही.

मग मी आपल्याकडचं उदाहरण काढलं. मुंबईचा कौस्तुभ खाडे, आयआयटीत शिकलेला. २०१५ साली एकट्यानं मुंबईहून गोव्यापर्यंत कयाक वल्हवत नेली. तेवढ्यानं भागलं नाही म्हणून पुढे द्वारकेपासून कन्याकुमारीपर्यंत सगळा पश्चिम किनारा, सुमारे ३,००० किलोमीटर; तो पाण्यातून आणि त्याच्या सोबतीला शांजली शाही किनाऱ्यानं सायकलवर. इथं मात्र ताईंनी डोळे पुसले. "म्हंजे बरोबर सायकल चालवणारी मुलगी भेटू शकते?" भेटू शकते, ताई. बायोडाटात छंद नीट लिहा म्हणजे झालं. सध्या तिथं "वाचन, प्रवास" आहे. "उलटं होणं" लिहायला ताई तयार नाहीत.

आणि अमरावतीकरांनी तर या विषयात नाक मुरडूच नये. १९३६चं बर्लिन ऑलिंपिक आठवा. हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाचं पथक तिथं देशी खेळ दाखवायला गेलं होतं, हे इथलं शाळकरी पोरही अभिमानानं सांगतं. त्याच बर्लिनमध्ये, त्याच ऑलिंपिकात, कयाकच्या शर्यती पहिल्यांदा पदकासाठी झाल्या. म्हणजे वऱ्हाडची माणसं आणि ही होडी ८०-९० वर्षांपूर्वी एकाच गावी मुक्कामाला होती. ओळख झाली नाही, एवढंच. आपल्या मंडळींनी जाता-येता एक नजर टाकली असती तर आज वडाळी तलावावर बदकांच्या होड्यांऐवजी काय दिसलं असतं, कुणी सांगावं.

पण रोल हे नुसतं अंगण आहे. खरा वाडा म्हणजे लाट. तिचं वर्णन करताना भाच्याचे डोळे जे चमकतात, ते पाहून आई-बापानं काळजी करावी असेच. लाट आपल्या उंचीच्या सव्वापट खोलीच्या पाण्यात आली की तिचा पाय अडखळतो आणि ती फुटते. त्या फुटायच्या आधीच्या क्षणाला होडीचं मागचं टोक उचललं जातं आणि सतरा फुटांची होडी उतारावरून सुटलेल्या बंडीसारखी किनाऱ्याकडे धावते. तीन-चार पळं स्वर्ग. मग होडी आडवी व्हायला बघते, बघतेच, लांब होडीचा तो स्वभाव. आडवी झाली की घाबरलेला माणूस लाटेपासून दूर, किनाऱ्याच्या बाजूला कलतो, आणि तिथंच उलटतो. कलायचं लाटेकडे. जी आपल्याला गिळायला आली तिच्याच खांद्यावर वल्हं टेकून तिच्या अंगावर रेलायचं. आमच्या भिशीतल्या एकीनं हे ऐकून सुस्कारा सोडला आणि म्हणाली, "सासू अशीच सांभाळली मी चोवीस वर्षं." (माझ्या सासूबाई तेव्हा खोलीत नव्हत्या. असत्या तरी त्यांनी हे मोठ्यानं ऐकलं नसतं.)

आणि पाण्यात पडलातच तर होडी किनाऱ्याच्या बाजूला, आपण समुद्राच्या बाजूला. उलट झालं तर पाण्यानं भरलेली होडी लाटेबरोबर येऊन पायावर आदळते. पोळ्याला उधळलेला बैल परवडला. डोक्याला हेल्मेट, अंगात तरंगतं जाकीट, बरोबर जाणता माणूस, आणि पावसाळ्यात समुद्राचं नाव नाही. १ जून ते ३१ जुलै तर कोळ्यांच्या यांत्रिक होड्यासुद्धा बंद असतात. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण या वेडातली ही बाजू भाचा हसत सांगत नाही. जिनो वॉटकिन्स नावाचा इंग्रज तरुण १९३०च्या मोहिमेत ग्रीनलंडला इनुइटांकडूनच रोल शिकला, चांगला तरबेज झाला. १९३२च्या ऑगस्टमध्ये एकटाच सीलच्या शिकारीला गेला. कयाक तरंगताना सापडली, तो सापडला नाही. वय पंचवीस.

तर टँक.

बघायला अख्खी भिशी आली होती. भाच्यानं आधी स्वतः करून दाखवलं: डुबुक, होडीचं पोट वर, एक-दोन-तीन, आणि पलीकडून साहेब वर, केस चपचपीत, चेहऱ्यावर लग्नातल्या मामासारखं समाधान. टाळ्या पडल्या. "झटका कंबरेचा असतो," तो शिकवायला लागला, "हात फक्त आधार देतात. कंबर अशी मारायची, की होडी आधी सरळ होते."

"काय मारायची?" काठावरून आवाज आला.

"कंबर, काकू."

"एवढं शिकायले कोकणात जाऊन राहिला हा? तमाशाले नेलं असतं याच्या मामानं."

मला कुणी उतर म्हटलं नव्हतं. माझं वय चौपन्न, आणि बहिरमच्या जत्रेत हंडीला मी कधी नाही म्हटलेलं नाही. होडीचं भोक आणि मी यांनी बराच वेळ एकमेकांकडे पाहिलं. शेवटी दोघी जणींनी खांदे दाबून मला आत बसवलं, न मिटणारी सुटकेस मिटवायला वर बसतात तसं. स्कर्ट ताणून कठड्यावर चढवला. स्कर्टला पुढे एक पट्टी असते. पाण्याखाली ती ओढली की स्कर्ट सुटतो आणि माणूस बाहेर येतो. ती पट्टी बाहेर राहायला हवी, हे भाच्यानं तीनदा सांगितलं. तीनदा मी "हो रे बाबा" म्हटलं. आणि उलटी झाले.

खाली सगळं हिरवं आणि शांत. भिशीचा आवाज एकदम बंद, हे सुख मी नाकारणार नाही. मग नाकात पाणी गेलं, थेट मेंदूला मोहरीचा ठसका. पट्टी शोधली. पट्टी नाही. मीच ती आत खोचली होती, साडीच्या निऱ्या खोचायच्या तीस-चाळीस वर्षांच्या सवयीनं. गुडघे आपटले, कुलदेवतेला हाक मारली, ती बुडबुड्यांत गेली. भाचा शेजारीच पाण्यात उभा. त्यानं कड धरून होडी एका हिसक्यात सरळ केली. सगळं मिळून सहा-सात सेकंद झाले असतील. टिकली टँकमध्ये राहिली, केसांचा बो सुटला, आणि काठावरून काकू विचारत होत्या, "काय दिसलं वं खाली?"

दुसऱ्यांदा पट्टी बाहेर. पुढे वाकायचं, दंडवतासारखं. वल्हं होडीच्या कडेला लावून धरायचं. उलटल्यावर पातं पाण्याच्या वरच्या थरातून पुढून मागे अर्धगोलात फिरवायचं, विळ्यानं गवत कापावं तसं, आणि कंबर. मी पातं फिरवलं. कंबरही मारली असं माझं म्हणणं आहे. अर्धी वर आले, हवा दिसली, भिशी दिसली, आणि परत खाली. पाच वेळा तेच. "मामी, डोकं आधी काढून राहिल्या तुम्ही," भाचा म्हणाला. "डोकं सगळ्यात शेवटी यायला हवं. कान खांद्याला चिकटलेला. पाण्यात डोक्याचं वजन पाणी धरतं. बाहेर काढलं की चार-साडेचार किलोचा धोंडा, तो होडीला परत उलटवतो."

बरोबर असेल. पण बुडणाऱ्या माणसाला सांगायचं की आधी बाकी सगळं वर काढ, तोंड मागून आण? चौपन्न वर्षं मी डोकं वर काढायची धडपड करते आहे, ते शेवटी ठेवायची सवय एका रविवारात कशी लागणार?

घरी आलो तेव्हा सासूबाई ओसरीवर संत्र सोलत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी. भाच्यानं त्यांना सगळं सांगितलं. मामीला काय जमलं नाही ते जरा जास्तच रंगवून सांगितलं. त्यांनी फोड तोंडात टाकली. "डोक्सं आधी काढत असन ती," त्या म्हणाल्या. भाचा गप्प. "आमच्या वावरातली विहीर सात परस. बापानं पाठीले भोपळा बांधला अन् देल्लं लोटून. मी तोंड वर करू करू बुडो. बाप वरून बोंबले, डोक्सं पाण्यात टाक, बाई, अंग आपोआप वर येते. आठ दिवसांनं भोपळा सोडला." मग त्यांनी त्याच्याकडून तो स्कर्ट मागून घेतला, उलटा-पालटा करून पाहिला, रबर ताणून पाहिलं आणि परत दिला. "काष्टा मारत जा म्हणा तिले. हे सुटन."

वरुडच्या त्या विहिरीत आता पाणी नाही. संत्र्याच्या बागा बोअरवर आहेत, आणि बोअर दर वर्षी खाली जाते.

त्या रविवारनंतर मी तीन वेळा टँकवर जाऊन आले. एकदा वर आले. पूर्ण वर, कान खांद्याला, डोकं शेवटी. मध्ये भाच्यानं होडीला हात लावला असं काकू म्हणतात, तो म्हणतो लावला नाही, आणि मी त्याच्या बाजूनं आहे. नारळी पौर्णिमा झाली की तो कोकणात परत जाणार, होडी टपावर बांधून. स्कर्ट मात्र इथं ठेवून जाणार आहे. काकूंनी त्यांच्या नातीसाठी आताच सांगून ठेवलं आहे, नात नको म्हणाली तर स्वतःसाठी. या महिन्यापासून आमच्या भिशीत दोन चिठ्ठ्या निघतात, एक पैशाची आणि एक स्कर्टची.